ओवाळणीची मेंढरं

हरणाबाईच्या नावावर बोटभर जमीन नव्हती आणि अंगावर सोन्याचा कण नव्हता, तरी ती स्वतःला गरीब समजत नसे. आटपाडीकडच्या डाळिंबाच्या बागांत रोजंदारीनं छाटणी करताना बायका आपापल्या बोरमाळांच्या नि भिशीच्या गोष्टी काढत, तेव्हा ही आपली गालात हसायची. तिचा ठेवा चार पायांवर चालत होता, भावाच्या कळपात चरत होता आणि तिच्या समजुतीनं दरसाल वाढत होता.

लग्नात बापानं तिला थोड्या मेंढ्या आंदण दिल्या होत्या. पण नवरा नानासो कळप मोडून बसलेल्या घरातला, त्याच्याकडे मेंढ्या नेऊन बांधायच्या कुठं? त्या थोरल्या भावाकडे, कोंडीबाकडेच राहिल्या. दिवाळीच्या सुमारास माणदेशातले कळप चाऱ्यासाठी कृष्णा-कोयनेच्या काठाकडे उतरतात. तिथले ऊसवाले पाटील खतासाठी मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात. भाऊबीजेला हरणाबाई ताट घेऊन, कळपाचा तळ असेल तिथं एसटीनं जायची. ती ओवाळायची आणि कोंडीबा ताटात पैसे टाकायच्या ऐवजी त्या सालचं एक मादी कोकरू पुढं ओढायचा, त्याच्या डाव्या कानाचा शेंडा तिरपा कापायचा आणि म्हणायचा, ही तुझी. डावा कान तिरपा, ही हरणाबाईची खूण. त्या कोकरांना पुढं कोकरं झाली असणार, त्यांनाही झाली असणार. किती, हे तिनं कधी विचारलं नाही. ओवाळणी मोजू नये, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. मोजणारी बहीण भावाच्या दारात सावकार होऊन उभी राहते म्हणे. नानासो जिवंत असताना एकदोनदा म्हणाला होता, एकदा कळपात फिरून तरी ये. तर ही त्याच्यावरच उखडली होती.

आमच्या माणसांची ही खोड जुनी आहे. वाण्याकडे पावशेर साखरेला काट्यावर डोळा ठेवतील आणि सख्ख्या भावाकडे आयुष्याची पुंजी डोळे मिटून टाकतील. वर त्यालाच माया म्हणतील.

नानासो गेला तेव्हा रविराज शाळेत होता. दहावी झाल्यावर तो गावच्या पोरांबरोबर गलईला गेला. आटपाडी-खानापूरकडची कितीतरी पोरं देशभर सोनं-चांदी गाळायच्या दुकानांत कामाला असतात. रविराजला पंजाबातलं दुकान मिळालं. काही वर्षं तो पैसे पाठवत राहिला, मग पैसे थांबले, आणि मग एक दिवस पोरगंच दारात येऊन उभं राहिलं. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. हरणाबाईला वाटलं, ॲसिडच्या धुरानं वाळलं लेकरू. तिनं दारातल्या कोंबड्या एकेक करून त्याला खाऊ घातल्या. पोरगं काही भरेना. मग घरातली तांब्यापितळेची भांडी दिसेनाशी झाली, आणि एक दिवस अंथरुणाखाली तिला काळी पडलेली चांदीच्या कागदाची घडी सापडली. गलईहून सुटीवर आलेल्या एका पोरानं ती बघितली आणि हळूच सांगितलं की मावशी, हा धूर ॲसिडचा नव्हं. तिकडं एक पावडर मिळते, कागदावर जाळून ओढतात. ती इकडं मिळेना झाली तेव्हा रविराज तालुक्यातून गोळ्या आणून गिळत होता.

तिथून तिची वणवण सुरू झाली. कुणी म्हणालं चहातून द्यायची राख आहे. ती दिली, तर पोरानं चहाच सोडला. कुणी म्हणालं औंधच्या यमाईपुढं शपथ घ्यायला लावा. त्यानं घेतली, अगदी डोळ्यांत पाणी आणून घेतली. देवीनं ऐकून घेतलं असेल, पण डोंगर उतरून एसटी स्टँडवर येईतो पोरगं लघवीला म्हणून गेलं ते झोकांड्या खातच परत आलं. मग हायवेच्या कडेचं एक खाजगी केंद्र बघितलं. पाचगणीच्या हॉटेलातसुद्धा माणसाला एवढं भाडं पडत नसेल. पैसे आधी भरा आणि तीन महिने भेटायला येऊ नका, असा तिथला नियम. आतून कुणीतरी दार बडवत होतं. पोराचं मनगट धरून ती तशीच मागं फिरली.

शेवटी सांगलीच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला दाखल करून घेतलं. अंगातला विळखा सैल होईपर्यंत इथं ठेवतो, म्हणाले, पण पुढं काही महिने त्याला सांभाळणारी जागा पाहिजे. ती आमच्याकडे नाही. तिथंच तिला माया भेटली. माया एका ट्रस्टच्या व्यसनमुक्ती केंद्रात काम करायची आणि आठवड्यातून एकदा वॉर्डात चक्कर टाकायची. तिनं रेशनकार्ड बघितलं, हरणाबाईचे खरबरीत हात बघितले आणि सांगितलं की निम्मा खर्च ट्रस्ट सोसेल. निम्मा घरच्यांनी भरायचा. जागा एकच आहे, सोमवारपर्यंत राखून ठेवते.

"पण मावशी, कर्ज काढून आणू नका," माया म्हणाली. "घरचे रोज त्याला कर्ज ऐकवतात आणि पोरगं महिन्यात भिंतीवरून उडी मारून जातं. तुमचं स्वतःचं काही असेल तर बघा."

हरणाबाईला हसूच आलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी विचारलं होतं की तुझं स्वतःचं काय आहे. ती ताठ बसली आणि म्हणाली, "कर्ज कशाला, बाई? माझी मेंढरं हायती की भावाकडं."

रविराज कॉटवर बसला होता. त्यानं मान खाली घातली. म्हणाला, आये, ऱ्हाऊ दे, आपण घरी जाऊ. तिला वाटलं, अंगातली तलफ बोलते आहे. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पाटणची एसटी धरली.

माघ महिना होता. ऊस तुटून गेलेल्या एका रानात, पाटणच्या खाली कोयनाकाठी कोंडीबाचा तळ पडला होता. वहिनीनं, मंगलनं, चुलीवर चहा ठेवला. कोंडीबानं हसून विचारपूस केली, रविराजचं ऐकून च्च च्च केलं, आणि हरणाबाईनं मेंढ्यांचं काढलं तेव्हा त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. व्यापारी परवा येणार हाय, म्हणाला. मग म्हणाला, आता भाव पडल्यात. मग म्हणाला, कळप चरून आला की बघू. मंगल एरवी तोंडाचा पट्टा थांबू न देणारी बाई, पण त्या दिवशी भाकरीकडे बघत होती.

दिवस कलला तशी मेंढरं परतली. रानात जाळीचं कुंपण, म्हणजे वाघर, लावलेलं होतं. वाघरीला एक तोंड ठेवतात आणि तेवढ्यातून मेंढरं एकामागून एक आत सोडतात. हरणाबाई त्या तोंडाशी जाऊन उकिडवी बसली. कुणी बस म्हणालं नव्हतं. बापाच्या हाताखाली लहानपणी ती अशीच बसायची. मेंढरू पुढून गेलं की डाव्या कानावरून हात. डोळ्यांनी बघायला लागत नाही, बोटांना कळतं.

एक अख्खा कान पुढून गेला. दोन्ही बाजूंनी कापलेला गेला, तो कोंडीबाचा. पुन्हा अख्खा, पुन्हा कोंडीबाचा. धुरळा उडत होता आणि हिची बोटं चालली होती. निम्मा कळप आत गेला तरी तिला वाटत होतं, माझी मागं असतील, माझी जरा सुस्तच. अगदी शेवटी एक म्हातारी मेंढी लंगडत आली. तिचा डावा कान तिरपा होता. हरणाबाईनं तिचं तोंड उघडून बघितलं तर आत दात नव्हते. तिच्यामागं फक्त कुत्रं होतं.

"दादा," ती बसल्या जागेवरून म्हणाली, "माझी मेंढरं कुठं हायती?"

कोंडीबा म्हणाला की मागच्या पावसात रोग आला होता. हरणाबाई म्हणाली, रोगाला कान कळत्यात व्हय? तेव्हा मंगलनं परात खाली ठेवली.

"खरं सांगा की आता," ती नवऱ्याला म्हणाली. "वन्सं, तुमचा रविराज नेत हुता. आईनं पाठवलंय म्हणायचा, संगं टेम्पो आन् व्यापारी घिऊन यायचा. दोन सालं झाली."

हरणाबाईला आधी ते खोटंच वाटलं. दोन सालं म्हणजे तो पंजाबातून आल्यापासून. बाजाराला जातो, मित्राकडं जातो, म्हणून जाई, ते इथं येत होता. ती दारातल्या कोंबड्या कापून त्याला रस्सा पाजत होती आणि हा तिच्याच बापानं दिलेली मेंढरं विकून पुड्या घेत होता. पोटच्या पोरानं असा गळा कापावा, आणि आपण त्याच गळ्यातून त्याच्यासाठी नवस बोलत फिरावं! तिला रडू आलं नाही. तिला सगळ्यांची किळस आली, स्वतःची सुद्धा.

"तू मला इचारलं न्हाईस?" तिनं भावाला विचारलं.

"बहिणीच्या मालापायी भाच्याला काय इचारायचं?" कोंडीबा म्हणाला. मामानं भाच्याला उलट विचारायचं नसतं, ते बरं दिसत नाही, असं तो बराच वेळ सांगत राहिला. भाच्याची पायधूळ म्हणजे पुण्य, आणि असंच काहीबाही. हरणाबाईनं त्याला पुरतं बोलू दिलं. शेवटी बोलणं संपलं आणि तो एकटाच उभा राहिला.

"तुझ्या मेंढ्यांची नर कोकरं म्याच इकत आलो," तो मातीकडं बघत म्हणाला. "माझ्या पोरीच्या, सृष्टीच्या नर्सिंगला लागत हुतं. रविराजला ते ठावं झालं. म्या त्याला इचारलं असतं तर त्यानं तुला सांगितलं असतं. मंग तू मला इचारलं असतंस."

म्हणजे मामाचं भाच्याला ठाऊक आणि भाच्याचं मामाला, आणि दोघांची तोंडं एकमेकांनी शिवलेली. मधे हरणाबाई, दर दिवाळीला ताट घेऊन येणारी. गेल्या भाऊबीजेलाही त्यानं एका कोकराचा कान कापून दाखवला होता. तिनं त्या कोकराला हळद लावली होती. पुढच्याच महिन्यात ते टेम्पोत चढलं असणार.

"त्याला काय झालंय ते कळत हुतं का तुला?"

उत्तर मंगलनं दिलं. एकदा रविराज चाऱ्याच्या पेंढ्यांमागं कागद जाळताना यांनी बघितला होता, आणि बघून तसेच मागं फिरले होते.

"मेंढरं खाल्लीस ते मी पचवीन, दादा," हरणाबाई म्हणाली. "माझं पोरगं मरणाच्या वाटंनं चाललंय ते तुला दिसत हुतं. आन् तू दर येळी त्याच्या हातात दोरी देत हुतास."

कोंडीबा मग रडला. रडत रडत म्हणाला, माझ्यातली घे, पाहिजे तेवढी घे. दुसरी एखादी बहीण अशा वेळी नको म्हणून निघून गेली असती, आणि गावानं तिचं कौतुक केलं असतं. हरणाबाईला सोमवार गाठायचा होता. तिनं घेतली. तिसऱ्या दिवशी व्यापारी आला तेव्हा तिनं स्वतः वाघरीत शिरून धडधाकट मेंढ्या निवडल्या आणि त्यांचा सौदा स्वतः केला. निघताना ती दात पडलेली म्हातारी मेंढी तिनं भावाच्या पायाशी सोडली.

"हिला सांभाळ," ती म्हणाली. "ही हाय तवर माझं माहेर हाय. ही मेली की मला कळव."

वॉर्डात रविराज तिच्या तोंडाकडं बघूनच सगळं समजला. तिनं त्याला मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. पण पाठीवरून हात फिरवायचा होता तो फिरवला नाही, आणि ते त्याला माराहून जास्त लागलं. तो म्हणाला की मी टेम्पो घेऊन जायचो तेव्हा दरवेळी वाटायचं, आज मामा विचारेल. विचारलं असतं तर सगळं सांगून टाकलं असतं. हरणाबाईला हे खरं की नवी थाप, ते कळेना. पुढं कधी कळेल याची तिला खात्रीही राहिली नव्हती. मायाच्या केंद्राच्या दारात त्याला सोडताना ती एवढंच म्हणाली, "भेटायला यीन. पर हितनं पुढं मी मोजणार हाय."

आणि ती मोजू लागली. रविवारी भेटायला गेली की त्याला भाकरी देण्याआधी मायाला गाठून विचारायची, गोळ्या किती घेतल्या, सभेला किती बसला, खोटं किती बोलला. शिमग्याला तो भिंतीवरून पळाला. तालुक्याच्या स्टँडवर सापडला तो अंगात गोळ्या घेऊनच. मायानं पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. हरणाबाईचे पैसे दुसऱ्यांदा भरून संपत आले. श्रावणापासून मात्र तो केंद्राच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला राहिला आणि पळाला नाही. दिवाळीनंतरचा शेवटचा टप्पा तेवढा राहिला होता, आणि त्याचा निम्मा वाटा तिच्यापाशी नव्हता.

कोंडीबा दर बाजाराला फोन करायचा. दुसरं बोलणं नाही, नुसतं सांगायचा, म्हातारी बरी हाय, चरतीया. पावसाळ्यात कळप माणदेशात परतला तरी हरणाबाई तिकडं फिरकली नाही. पण मेंढरांत जन्म गेलेली बाई ती. तोंडात दात नसलेली मेंढी पाऊसकाळ ओलांडत नाही, हे तिला शिकवायला नको होतं. आषाढ झाला, भादवा झाला, दसरा झाला. फोनवर म्हातारी चरतच होती.

भाऊबीजेला ती ताट पिशवीत घालून निघाली. तळ कऱ्हाडच्या अलीकडे होता. मंगल लगबगीनं पुढं आली, पाट मांडायला लागली. हरणाबाई पाटाकडे गेली नाही. ती वाघरीच्या तोंडाशी जाऊन बसली. कोंडीबा जरा घाईनंच आत गेला आणि एका मेंढीला मानेला धरून पुढं घेऊन आला.

"ही बघ तुझी म्हातारी," तो म्हणाला. "खातीया, पितीया."

हरणाबाईनं डाव्या कानावरून हात फिरवला. कान तिरपा होता. शेंड्याला बोटाखाली खपली लागली. काप आठवड्याभराचाही नसेल. तिनं मेंढीचं तोंड उघडलं. आत पांढरे शुभ्र दात होते, दुसऱ्या वेताची असेल नसेल. म्हातारी कधीच गेली होती. बहिणीचं माहेर संपू नये म्हणून या माणसानं आपल्याच एका तरण्या मेंढीचा कान कापून ठेवला होता. लबाडाला मायासुद्धा लबाडीनंच करता येत होती. क्षणभर तिला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणाला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दोन्हींतलं तिनं काही केलं नाही.

"म्हातारीला नवं दात आल्यात की रं, दादा," ती म्हणाली.

कोंडीबाची मान खाली गेली. चूल धुमसत होती, पाटाभोवती मंगलनं घातलेली रांगोळी तशीच होती. हरणाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"खूण माझी हाय न्हवं?"

"व्हय," कोंडीबा म्हणाला.

"मंग मेंढीबी माझी. दोरी दे."

त्यानं दोरी दिली. तिनं स्वतःच ती मेंढीच्या गळ्यात बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि डांबरी रस्त्याकडं चालू लागली. शनिवारी आटपाडीचा बाजार होता आणि मायाला सोमवारी भेटायचं होतं. पिशवीत ताट, निरांजन आणि हळदकुंकू तसंच होतं. ओवाळायचं राहून गेलं होतं, आणि ते राहिलं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.